बुर्गीमावशीची चार नंबरची खोली

आमच्या गावातून वर हिमनदीपर्यंत रोपवे सुरू झाला, त्याच वर्षी बुर्गीमावशीचं घर बांधून पूर्ण झालं. तिचं पाळण्यातलं नाव नोटबुर्गा, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. नवरा कासियान रोपवेवर कामाला लागला आणि हिने पाहुणे ठेवायला सुरुवात केली. घराला सात खोल्या. सातही उन्हाच्या बाजूला, प्रत्येकीला लाकडी सज्जा आणि सज्ज्यावर तांबड्या फुलांच्या कुंड्या. त्या सातांतली एकही खोली घरच्यांची नव्हती. घरचे तळघरात राहायचे.

यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. खोऱ्यातल्या खालच्या गावांतही हेच चालायचं. हंगाम आला की मुलांच्या गाद्या उचलून माळ्यावर नाहीतर तळघरात टाकायच्या आणि त्यांच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. वसंतात बर्फ वितळला, पाहुणे पांगले, की मुलं परत आपापल्या खोलीत. खालच्या गावात माझी आत्या राहायची. तिची मुलं मे महिन्यात आपली खोकी छातीशी धरून जिना चढायची, तेव्हा घरात सण असल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे मात्र हिमनदी होती. बाराही महिने स्कीइंग. माणसं जानेवारीत यायची तशी ऑगस्टातही यायची. सकाळी वर जाऊन बर्फावर घसरायचं आणि दुपारी खाली येऊन उघड्या अंगाने बागेत ऊन खात पडायचं, याचं त्यांना कोण अप्रूप! हंगाम संपायचाच नाही. त्यामुळे मावशीचा मुलगा रोमेड वर्षाचा असताना तळघरात गेला तो अठराव्या वर्षी घर सोडेपर्यंत तिथेच राहिला.

मी त्यांची शेजारीण, त्राउडी. रोमेड आणि मी एका वर्गात होतो. शनिवारी पाहुणे बदलायचे, तेव्हा चादरी घालायला मी मावशीकडे जायचे. ते काम मी पुढे चाळीस वर्षं केलं, म्हणून हे सगळं मला ठाऊक आहे.

तळघरात दोन खोल्या होत्या. एका भिंतीपलीकडे बॉयलर दिवसभर घुमायचा, दुसऱ्या भिंतीपलीकडे पाहुण्यांचे ओले बूट वाळत असायचे. खिडकी जमिनीलगत, वीतभर उंचीची. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. रोमेड पायांवरून माणसं ओळखायचा. आम्ही गृहपाठ करत बसलो की म्हणायचा, "हे बघ, तीन नंबरवाले भांडलेत. बाई पुढे चालतायत." सकाळी आठच्या आत बोलायचं नाही, दुपारी दोन ते चार धावायचं नाही, पुढच्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. हे त्याला शिकवावं लागलं नाही. त्याला ते बोलता यायच्या आधीपासूनच येत होतं.

मावशी निर्दय होती असं कुणी समजू नये. ती नऊ भावंडांतली. दहाव्या वर्षी तिला दुसऱ्याच्या शेतावर कामाला धाडलं होतं आणि तिथे ती गोठ्यावरच्या माळ्यावर गवतात झोपायची. हिवाळ्यात पांघरुणावर तिच्याच श्वासाचं बर्फ व्हायचं, असं ती हसत सांगायची. तिच्या लेखी ऊबदार तळघर म्हणजे चैन होती. मुलाला ती कधी उपाशी ठेवत नव्हती, मारत नव्हती. तिला फक्त पाय टेकायला उसंत नव्हती. पहाटे ब्रेड आणायचा, न्याहारी मांडायची, मग खोल्या, कपडे, इस्त्री, संध्याकाळी पाहुण्यांच्या बर्फाच्या गोष्टी हसून ऐकायच्या. स्वतः ती हिमनदीवर एकदाही गेली नव्हती. "मी वर गेले तर खालचं कोण बघणार?" म्हणायची.

चार नंबरची खोली सगळ्यांत चांगली, कोपऱ्यावरची, दोन्हीकडून खिडक्या असलेली. दर ऑगस्टात दोन आठवडे ती उलेनब्रॉक पती-पत्नींची असायची. ते जर्मनीतल्या कोळशाच्या गावचे. तो खाणीत विजेची कामं करायचा. भली माणसं. बाई रोमेडसाठी न चुकता चॉकलेट आणायच्या.

रोमेड स्कीवर फार चांगला होता. अकराव्या वर्षी त्याला जिल्ह्याच्या मुलांच्या संघात घ्यायचं ठरत होतं. ऑक्टोबरात चाचणी होती आणि तो उन्हाळाभर बापाबरोबर रोपवेच्या सकाळच्या पहिल्या पाळण्याने वर जाऊन सराव करत होता. त्या ऑगस्टात त्याला ताप आला. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पाठीला कान लावला, भिंतीला हात लावला आणि तो हात रुमालाला पुसला.

"छातीत भरलंय. याला इथे ठेवू नका," ते म्हणाले. "वर न्या, कोरड्या खोलीत. ऊन लागू दे. दोन दिवसांत उतार पडला नाही तर इस्पितळ."

मी तेव्हा धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन दारात उभी होते.

"चार नंबर दे त्याला," कासियान म्हणाला.

"चारमध्ये उलेनब्रॉक आहेत."

"मग विचार त्यांना. माणसंच आहेत की ती."

"काय विचारू? तुम्ही वर्षभर जमिनीखाली राबून सुट्टीला आलात, आता जरा बाहेर व्हा, माझ्या पोराला ताप आहे? आणि घरात आजारपण आहे म्हटल्यावर बाकीचे तरी राहतील का?"

"बुर्गी, अगं तो श्वास कसा घेतोय बघ."

"बघतेय मी. तू जा, तुझा पाळणा चुकेल."

कासियान थोडा वेळ टोपी हातात धरून उभा राहिला. मग गेला. तो बायकोपुढे कधी फार बोलला नाही, आणि त्या दिवसाबद्दल पुढेही बोलला नाही.

डॉक्टर येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी रोमेडचे ओठ निळे पडले. मावशीने इस्पितळाची गाडी बोलावली, पण साडेनऊला या म्हणून सांगितलं. साडेनऊपर्यंत पाहुणे न्याहारी उरकून वर गेलेले असतात. गाडी मागच्या दाराला लागली. रोमेड पाच आठवडे इस्पितळात होता. परत आला तेव्हा त्याचं डावं फुप्फुस निकामी झाल्यात जमा होतं. ऑक्टोबरातली चाचणी झाली, दुसरी मुलं निवडली गेली. पुढे एकदा तो माझ्यासोबत वर आला, दोन वळणं घेतली आणि बर्फात बसला. त्यानंतर बूट वाळवायच्या खोलीत त्याच्या स्की भिंतीला टांगलेल्या असायच्या. मग एका शनिवारी मावशीने त्या कुठल्याशा पाहुण्याच्या मुलाला देऊन टाकल्या.

अठरा पूर्ण झाल्यावर तो ग्राझ शहराला गेला, इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायचं काम शिकला. "मीही माणसं वर पोचवतो," असं त्याने मला पत्रात लिहिलं होतं, "पण सहाव्या मजल्यावर थांबतो." घरी तो दर नाताळला फोन करायचा. तेव्हा घर खच्चून भरलेलं असायचं आणि मावशी एका हातात फोन नि दुसऱ्या हातात ताटल्या घेऊन बोलायची.

"घर भरलंय का?"

"भरलंय."

"बरं मग."

एवढंच.

कासियान गेला तो फेब्रुवारीत, शाळांच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात. सकाळी उठून बूट घालताना खाली बसला तो उठलाच नाही. वर न्याहारीला अठरा माणसं होती. मावशीने त्याचे डोळे मिटले, काळा पोशाख घातला, त्यावर रोजचा फुलाफुलांचा एप्रन बांधला आणि वर येऊन कॉफी ओतली. मी निरोप मिळून धावत गेले तर ती एका बाईला सांगत होती, आज वर वारा आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळा. मला स्वयंपाकघरात ओढून तिने माझा दंड इतका दाबला की आठवडाभर काळानिळा होता. "ते लोक वर जाईपर्यंत रडायचं नाही," ती म्हणाली. मी नाही रडले. तीही नाही.

दफनाला रोमेड आला. रात्री राहायला तो आमच्याकडे आला, कारण त्याच्या आईच्या घरात एकही खोली मोकळी नव्हती आणि तळघरात बापाच्या पलंगावर झोपायला तो तयार नव्हता. माझ्या नवऱ्याने त्याला दारू ओतली. "हाउसफुल्ल आहे म्हणे," रोमेड हसून म्हणाला. "आधी कळवायला हवं होतं मी." आम्ही दोघं हसलो नाही. पुढे त्याचं लग्न झालं, तेही ऑगस्टात. मावशी गेली नाही.

मग दिवस फिरले. हिमनदी दरवर्षी आटत गेली. उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून तिच्यावर पांढऱ्या जाड चादरी अंथरायला लागले. पूर्वी ऑगस्टात स्कीवाल्यांना वर ओढून नेणाऱ्या सहा लिफ्ट चालायच्या, त्या तीन झाल्या, मग दोन. येणारे लोक खाली नव्या हॉटेलांत उतरू लागले, जिथे पोहायचा गरम तलाव असतो. मावशीच्या सात खोल्यांत कधी दोन माणसं, कधी एक, आणि पुष्कळदा कुणीच नाही. उलेनब्रॉकही म्हातारे होऊन यायचे थांबले. मावशी तरी रोज सातही खोल्यांची धूळ झटकायची, आणि झोपायला तळघरात जायची.

"मावशी, अगं वर झोप की आता," मी म्हणायचे. "गुडघ्यांना ओल लागते तुझ्या."

"चादर मळेल."

"मग मळू दे. मी धुते."

"आणि उद्या कुणी आलं तर?"

"कोण येतंय उद्या?"

"तुझ्या त्या कंप्युटरला काय माहीत असतं सगळं?"

खोल्यांची नोंदणी माझ्या कंप्युटरवर व्हायची, म्हणून तिचा राग त्याच्यावर. चार वर्षांपूर्वी जुलैत त्यावर एक मागणी आली. आडनाव प्रेटरहोफर, गाव ग्राझ, एक माणूस, ऑगस्टात चार रात्री, खोली चार नंबरचीच हवी. ग्राझ वाचूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी हो कळवून टाकलं. मावशीला इतका आनंद झाला की तिने पडदे धुतले.

तो आला त्या दुपारी मी तिथेच होते. दारात रोमेड उभा. केस पांढरे, हातात छोटी बॅग. लग्नात त्याने बायकोचं आडनाव घेतलं होतं, ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या हातातली बादली हातातच राहिली. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही असं मुळीच नाही, मी तिचा चेहरा पाहत होते. तिने टेबलाचा खण उघडला, पाहुण्यांनी भरायचा छापील फॉर्म काढला आणि पेनासकट त्याच्यापुढे सरकवला.

त्याने उभ्याउभ्या भरला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि किल्ली दिली.

"वरच्या मजल्यावर, डावीकडे. न्याहारी आठ ते दहा."

"ठाऊक आहे मला."

"सगळ्यांनाच सांगते मी."

तो पुढच्या जिन्याने वर गेला. मधल्या वळणावर थांबला. मला वाटलं जिना बघतोय. तो दम खात होता.

आमच्या खोऱ्यात गावातली माणसं एकमेकांना अरे-तुरेच करतात, मग समोर पाद्री असो की सरपंच. अहो-जाहो फक्त पाहुण्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मदतीच्या निमित्ताने गेले. रोमेड खिडकीतल्या टेबलाशी एकटा बसला होता. मावशी स्वच्छ एप्रन बांधून कॉफीचं भांडं घेऊन आली.

"अंडं कसं हवं तुम्हाला?"

स्वयंपाकघराच्या दारात मी डोळे मिटून घेतले. ती सवयीने म्हणाली की टोचून, हे मला अजून कळलेलं नाही.

"चार मिनिटं उकडून," रोमेड म्हणाला.

"झोप लागली का?"

"नाही. उजेड फार. पाच वाजताच सगळा डोंगर खोलीत येतो."

"पडदा ओढून घ्यायचा."

"नाही ओढला."

तिने अंडं आणून दिलं. तो खात असताना ती भिंतीशी उभी राहिली, पाहुण्यांपाशी उभी राहायची तशी, हात पोटाशी घेऊन. दिवसभर तो बाहेर सज्ज्यात बसून होता आणि ती खाली कुठल्याच कामाशिवाय कामात होती.

तिसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तो म्हणाला, "मी वर जातोय. चल."

"कुठे वर?"

"हिमनदीवर."

"खोल्या कोण करणार?"

"एकच तर आहे, आणि तिच्यातला माणूस मीच आहे."

"मावशी, मी करते, तू जा," मी म्हणाले. ती माझ्यावर खेकसली, "तुला कुणी विचारलं?" पण अर्ध्या तासाने ती चर्चला घालायचा कोट अंगात चढवून, पर्स छातीशी धरून बाहेर आली.

वर काय झालं ते मला रोमेडने सांगितलं, मावशीने नाही. तीन पाळणे बदलून ते पोचले. रोपवेच्या शेवटच्या थांब्यावरून ती बाहेर आली आणि बघत राहिली. राखेच्या रंगाचं बर्फ, त्यावर मळकट पांढऱ्या चादरी, कडेने वाहणारं पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर वळणं घेणारी वीस-पंचवीस माणसं.

"एवढंच?" ती म्हणाली. "याच्यासाठी यायचे सगळे?"

"पूर्वी मोठी होती."

"किती मोठी?"

त्याने हाताने पलीकडच्या उघड्या खडकांपर्यंत दाखवलं. मग ते बाकाकडे चालू लागले. शंभरेक पावलं असतील. अर्ध्यात त्याला थांबावं लागलं. तीन हजार मीटरवर त्याची छाती भात्यासारखी चालत होती आणि ओठांचा रंग गेला होता. मावशी त्याच्याशेजारी उभी राहून ते पाहत होती. कसाबसा बाकावर बसला.

"किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं. कधी दहा."

"नेहमी होतं?"

"वर आलो की."

ती बसली. पर्स मांडीवर घेतली, उघडली, मिटली.

"मी त्यांना विचारलं नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"विचारलं असतं तर दिली असती त्यांनी खोली."

"हो. उलेनब्रॉकबाईच म्हणाल्या मला, पुढच्या उन्हाळ्यात. एका शब्दाने कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याच दिवशी निघालो असतो, म्हणाल्या. रडत होत्या."

मावशीला हे नवीन होतं. समोर एक बाप आपल्या लहान मुलीला दोन पायांत धरून घसरत खाली येत होता.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"आलो होतो सांगायला. तू चादरी घालत होतीस. म्हणालीस, नंतर."

तिने माफी मागितली नाही. रोमेड म्हणाला, मी वाट पाहत होतो असं नाही, पण कान तिकडेच होते. तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, हात तसाच थोडा वेळ त्याच्या छातीवर ठेवला, आणि म्हणाली, "ऊठ आता. वारा गार आहे."

चौथ्या दिवसानंतर तो गेला. दारात त्यांनी हातात हात दिला. संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली आणि चार नंबर कंप्युटरवरून काढून टाक म्हणाली. मी काढली. तिने त्या खोलीची चादर बदलली नाही, दार लावून घेतलं. मला वाटलं आता तरी ती स्वतः तिथे झोपेल. नाही झोपली. रोमेड नाताळला फोन करत राहिला. फरक एवढाच, की आता ती ताटल्या खाली ठेवून बोलायची. बोलणं मात्र तेवढंच.

असे दोन हिवाळे गेले आणि एप्रिलात तिला पक्षाघात झाला. मला ती तळघराच्या पायऱ्यांवर सापडली. इस्पितळात नऊ दिवस होती, वाचा गेली होती. रोमेड सातव्या दिवशी पोचला आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ बसला. ती त्याच्याकडे पाहायची, पण काय पाहतेय ते कळायला मार्ग नव्हता.

दफनाला आम्ही अकराजण होतो. पन्नास वर्षांत हजारो माणसं त्या घरात राहून गेली असतील, त्यांच्यातलं कुणी आलं नाही. त्यांना कळवणार तरी कोण? नंतर खानावळीत गरम सूप होतं. रोमेड माझ्यासमोर बसला. सूप निवेपर्यंत त्याने चमचा उचलला नाही.

"त्राउडी, माझ्याबद्दल काही बोलायची का ती? त्या ऑगस्टनंतर?"

खोटं सांगणं सोपं होतं. जवळजवळ दोन वर्षं मी रोज तिच्याकडे जात होते, काहीही रचून सांगता आलं असतं. पण त्याने ते ओळखलं असतं.

"एकदाच बोलली," मी म्हणाले. "कपडे वाळत घालत होतो आम्ही. मध्येच म्हणाली, तो जिन्यात थांबतो तेव्हा कठड्याकडे बघतो, कुणाला कळू नये म्हणून. बस्स. परत चिमटे लावायला लागली."

रोमेडने मान हलवली. मग सूप संपवलं, वाडगं पावाने पुसून पुसून खाल्लं आणि घड्याळ पाहिलं. घर एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरलं होतं, त्याच्या कागदपत्रांवर दुसऱ्या दिवशी खाली शहरात सह्या करायच्या होत्या. त्याची बस पावणेतीनची. मी थांब्यापर्यंत गेले. चढ लागला तिथे मी माझी चाल कमी केली, आणि त्याने काही न बोलता माझा हात धरला.